चक्रीवादळाच्या अंदाज-शंकूतील घरांची विमा-जोखीम कशी मोजावी?

प्रश्न: फ्लोरिडातील घरविम्याच्या पॉलिसी नकाशावर बसवून अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन (चक्रीवादळ) केंद्राच्या शंकूत (वादळाच्या अंदाजाच्या नकाशावरील पुढे रुंद होत जाणाऱ्या पट्ट्यात) येणाऱ्या घरांच्या विमा-रकमांची मी बेरीज करतो. हे पुरेसे आहे का?

उत्तर १: नाही. शंकू केवळ वादळकेंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. वारे त्याबाहेरही घरे पाडतात. २०२२ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा शहराला फटका बसेल अशी धास्ती असताना ‘इयान’ चक्रीवादळ २८ सप्टेंबरला बरेच दक्षिणेस, कायो कोस्टा बेटावर धडकले. म्हणून वाऱ्याच्या वेगाच्या संभाव्यतेचा थर (नकाशावर चढवायची माहिती) घ्यावा आणि दर सहा तासांनी येणाऱ्या नव्या अंदाजासरशी बेरीज पुन्हा करावी.

उत्तर २: कळकळीने सांगतो, घर झिपकोडच्या (अमेरिकेतील पिनकोडच्या) भागाच्या मध्यबिंदूवर टाकू नका, आमच्या नकाशावर वाळूला खेटून असलेली इमारत त्यामुळे कित्येक किलोमीटर आत दिसत होती. पुराचे नुकसान तिथल्या सर्वसाधारण घरविम्यात नसते, तेव्हा समुद्राच्या उधाणाचा थर वेगळाच ठेवा.