आपल्या माणसांचं तारण : तुमचा अनुभव काय?

ख्रिस्तावर विश्वास नसलेल्याचं तारण, म्हणजे पापातून सुटका होऊन देवाकडे जाणं, होतं का? हा प्रश्न आपल्याला बहुतेकदा घरातच गाठतो. आजी बाप्तिस्मा न घेता जाते, नवरा चर्चला येत नाही. तुम्ही काय मानता आणि त्यामुळे वागण्यात काय बदललं, ते लिहा. अख्रिस्ती मंडळींनीही जरूर लिहा.

नगर
आमचं घर अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या मंडळीतलं, पण आईची आई शेवटपर्यंत वारकरी. ती गेल्यावर धाकट्या बहिणीने शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या बायबल वर्गात, विचारलं, "आजी कुठे गेली?" बाईंनी बायबलमधलं येशूचं वचन, योहान १४:६, वाचून दाखवलं : "माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही." पोर रात्रभर रडली. ते वचन मी आजही मानतो. पण पाळक (आमचे धर्मगुरू) घरी येऊन म्हणाले, त्याच्या द्वारे कोण कसं येतं हे तोच जाणे, न्यायासनावर आपण बसायचं नाही. मला त्या दिवशी ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवल्या. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात लक्ष्मीबाई देवाला परक्या होत्या, असं मला कधीच वाटलं नाही.

वसई, परिचारिका
आम्ही कॅथलिक. आमच्या चर्चच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच म्हटलंय की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. फादरांनी हे समजावलं तेव्हा एका काकांनी विचारलं, मग मिशनरी आलेच कशाला? प्रश्न रास्त आहे. मी माझ्यापुरतं सांगते. रात्रपाळीला शेवटच्या घटका मोजणाऱ्याचा हात धरून मी मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणते. त्याची मुलगी कानाशी रामनाम घेऊ लागली की सरकून तिला जागा देते. माझ्या हातून त्याला ख्रिस्त कळला तर आनंदच आहे, पण मरणाऱ्याला भीती घालणं मला पाप वाटतं.

पुणे
वरचं मला पटत नाही. मी मोठेपणी विश्वासात आलो, घरचे हिंदूच आहेत. 'सगळे मार्ग तिथेच जातात' म्हटलं असतं तर भावाशी अबोला झाला नसता. पण बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये ४:१२, येशूखेरीज दुसऱ्या कोणाकडून तारण नाही, हे मला शब्दशः खरं वाटतं, म्हणून त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो. वडिलांच्या आजारपणात आम्ही आळीपाळीने दवाखान्यात राहिलो. तेव्हापासून बोलतो.

(दोन्ही बाजू इथे राहू द्या. कोणी कोणाला खोडू नका. – धागाकर्ती)

ठाणे
मी हिंदू, नवरा ख्रिस्ती, लग्न विशेष विवाह कायद्याखाली. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी मी बाकावरच बसते. सासूबाईंनी बाप्तिस्म्याचा आग्रह कधी धरला नाही. टाळेबंदीत त्या शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांना रोज डबे द्यायच्या. विचारलं तर त्यांनी बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढून दिला, भुकेल्याला खायला देण्याचा. तिथे नीतिमान लोक न्यायाला बसलेल्या राजालाच, म्हणजे ख्रिस्तालाच, विचारतात, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? म्हणजे आपण कोणाला जेवू घातलं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! हे मला फार लागलं. बाप्तिस्मा घेईन की नाही, आज सांगता येत नाही. सध्या आम्ही दोघी मत्तय पहिल्यापासून वाचतोय.