टीडीएस कापला आहे, पण २६एएसमध्ये दिसत नाही – तातडीने मदत हवी आहे

आराखडा_नाशिक (२१ ऑगस्ट २०२५)

नमस्कार. एका कंपनीने माझ्या बिलांतून एकूण ३६,००० रुपये टीडीएस कापला आहे आणि प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या विवरणात, त्यांपैकी केवळ १८,००० दिसत आहेत. कंपनीच्या लेखापालांना तीन वेळा फोन केला; ‘आम्ही भरणा केलेला आहे, तुमच्या बाजूने तपासा’ एवढेच उत्तर मिळते. माझ्या बाजूने नेमके काय तपासायचे, हे कोणी सांगत नाही. पूर्ण ३६,००० दाखवून विवरणपत्र भरले तर चालेल का, की १८,००० रुपयांवर पाणी सोडावे? कृपया ‘सीएंना विचारा’ असे उत्तर देऊ नये. आमच्या सीएंनी ‘गणपती उठल्यावर या’ असे सांगितले आहे.

जुना_करदाता

मुदत ३१ जुलैलाच संपलेली आहे. आता प्रथम ५,००० रुपये विलंब शुल्काची तयारी ठेवावी आणि मग टीडीएसचे पाहावे.

सीए_नव्हे

साहेब, या वर्षी ज्यांना लेखापरीक्षण लागू नाही त्यांची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलेली आहे, त्यामुळे ताईंना उगाच घाबरवू नका.

ताई, आपण रकमा सांगितल्या, पण कामाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. व्यवसाय कोणता? बिले कोणत्या तारखांची आहेत आणि पैसे प्रत्यक्ष केव्हा जमा झाले? नमुना १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचे प्रमाणपत्र, हातात आहे का? आणि सर्व खर्च व सवलती वजा जाता आपले एकूण उत्पन्न साधारण किती होते? एवढे कळल्याशिवाय कोणी काही सांगितले तर तो अंदाजच ठरेल.

कलमबहाद्दर

तपशिलाची गरजच नाही. प्राप्तिकर कायद्याचे कलम २०५ स्पष्ट आहे: कर मुळाशी कापला गेला असेल तर तो करदात्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, कापणाऱ्याने सरकारजमा केला नसला तरीही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये यशपाल साहनी प्रकरणात हेच सांगितले आहे आणि त्यानंतर प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ आणि ११ मार्च २०१६ च्या पत्रांद्वारे आपल्या अधिकाऱ्यांना अशी वसुली करू नये असे कळवले आहे. तेव्हा बेधडक ३६,००० दाखवावेत. नोटीस आली तर मी स्वतः उत्तराचा मसुदा लिहून देईन. २०१९ मध्ये मी माझ्या प्रकरणात अशीच लढत दिली आणि अकरा महिन्यांनी मागणी रद्द करून घेतली.

आराखडा_नाशिक

मी इंटिरियर डेकोरेशनचे काम करते. हॉटेल व्यवसायातील एका कंपनीला खोल्यांचे आराखडे करून दिले. प्रत्येकी ९०,००० ची चार बिले होती: जून, सप्टेंबर आणि डिसेंबर २०२४ व मार्च २०२५. प्रत्येकी ९,००० कापून ८१,००० जमा झाले. नमुना १६ए दिलेला नाही. लेटरहेडवर ‘टीडीएस भरला आहे’ असे पत्र मात्र दिले आहे. इतर कामे धरून वर्षाची एकूण जमा साडेनऊ लाखांच्या आसपास आहे. आणखी काय हवे?

सीए_नव्हे

मार्चच्या बिलाचे पैसे केव्हा जमा झाले, हे आपण अजूनही सांगितलेले नाही.

पोस्टाचा_खातेदार

माझ्या वडिलांच्या मुदत ठेवीच्या बाबतीत असेच झाले होते. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या बँक व्याजावरील टीडीएसची मर्यादा ५०,००० वरून एक लाख झाली आहे. तेव्हा १५एच (कर लागत नसल्याचे घोषणापत्र) वेळेवर द्यावा, म्हणजे कापलाच जात नाही.

आकडेमोड

ही माहिती बरोबर आहे, परंतु ताईंच्या बिलांना तिचा उपयोग नाही. व्यावसायिक शुल्कावर कलम १९४जे लागते, १० टक्के दराने, आणि १५एच तेथे चालत नाही.

कलमबहाद्दर यांनी मांडलेला कायदा योग्य आहे, पण तो लागू पडण्यासाठी आधी कर भरण्याची मागणी निघावी लागते. इंटिरियर डेकोरेशन हा व्यवसाय कलम ४४एडीएमध्ये बसतो, म्हणजे जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. साडेनऊ लाखांचे पावणेपाच लाख होतात. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एची सवलत असल्याने, दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर कर शून्य येईल. ज्यांच्याकडून काही वसूलच व्हायचे नाही, त्यांना वसुलीपासूनचे संरक्षण काय कामाचे? प्रश्न परताव्याचा आहे, आणि परतावा २६एएसमध्ये दिसणाऱ्या रकमेपुरताच मिळतो.

जुना_करदाता

सात नव्हे, बारा लाख.

आकडेमोड

बारा लाखांची मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून आहे. आता भरायचे विवरणपत्र त्याआधीच्या वर्षाचे आहे.

पंचगंगेचा_दुकानदार

मंडळी, अशीच अडचण माझीही आहे. इचलकरंजीच्या पुरवठादाराने बिल दिले, मी जीएसटीसकट पैसे चुकते केले, आणि माझ्या २बीमध्ये, म्हणजे खरेदीवरील जीएसटीच्या विवरणात, नोंद नाही. हे क्रेडिट, म्हणजे त्या जीएसटीची वजावट, मी घेऊ शकतो का? रक्कम ४१,००० आहे.

सीए_नव्हे

दुकानदार साहेब, तो वेगळा कायदा आहे. पुरवठादाराने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणात) बिल दाखवून ते २बीमध्ये येईपर्यंत आपल्याला क्रेडिट घेता येत नाही, आणि २०२४-२५ च्या बिलांसाठी ३० नोव्हेंबर २०२५ ही शेवटची तारीख आहे. वार्षिक विवरण त्याआधी भरले तर ते भरल्याची तारीख शेवटची. दिवाळीपूर्वी पुरवठादाराच्या मागे लागा आणि कृपया वेगळा धागा काढा. ताईंची जमा वीस लाखांच्या आत असल्याने त्यांचा जीएसटीशी संबंध येत नाही.

आराखडा_नाशिक

मार्चच्या बिलाचे पैसे २० मे रोजी आले. त्याने काय फरक पडतो? काम तर मार्चमध्येच दिले होते.

सीए_नव्हे

सगळा फरक त्यानेच पडतो. संकेतस्थळावरून २६एएस उघडताना वर मूल्यांकन वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचे वर्ष) निवडायची चौकट असते. तेथे २०२५-२६ ऐवजी २०२६-२७ निवडा आणि त्या कंपनीच्या नावापुढील अधिकचे चिन्ह दाबा. कंपनीने बिल मे महिन्यात खात्यात घेऊन कर कापला असेल, तर ९,००० तेथे सापडतील.

आराखडा_नाशिक

सापडले! २० मे, ९०,०००, ९,०००, आणि शेजारच्या रकान्यात ‘एफ’, म्हणजे फायनल, नोंद पक्की. आता राहिले डिसेंबरचे ९,०००. ते तेथेही नाहीत आणि येथेही नाहीत.

कलमबहाद्दर

कंपनीने मार्चचे बिल मार्चमध्येच खात्यात घ्यायला हवे होते. व्यावसायिक शुल्कावर नोंद किंवा पैसे यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कर कापायचा असतो. ही कंपनीची चूक आहे आणि तिची तक्रार झाली पाहिजे.

आकडेमोड

तक्रार करून ताईंच्या पदरात काय पडेल? त्या हिशेब रोखीच्या पद्धतीने, म्हणजे पैसे येतील तेव्हा जमा धरून ठेवत असतील, तर ते ९०,००० आणि त्यावरचे ९,००० दोन्ही पुढील वर्षी दाखवणे सुसंगत आहे. उत्पन्न याच वर्षी दाखवायचे असेल तर नंतर कापलेल्या करासाठी नमुना ७१ हा मार्ग आहे, पण कर शून्य असताना एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

डिसेंबरच्या बाबतीत माझा संशय पॅनवर आहे. त्या तिमाहीचे टीडीएस विवरण भरताना ताईंच्या पॅनमधील एखादा अंक चुकला असावा. तसे असेल तर कंपनीलाही फटका बसतो, कारण पॅन अवैध ठरला की कर २० टक्के दराने कापायला हवा होता असे धरून कमी कपातीची मागणी निघते. लेखापालांना एवढेच विचारा की ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीसाठी ट्रेसेसवर (टीडीएसच्या सरकारी संकेतस्थळावर) त्यांना मागणी दिसते का. ‘भरणा केला आहे’ हे त्यांचे म्हणणे खोटे नसेल. चलन भरलेले असते, ते कोणाच्या नावावर चढले हा खरा प्रश्न असतो. आणि लेटरहेडवरचे पत्र बाजूला ठेवून ट्रेसेसवरून उतरवलेला १६ए मागा. त्या तिमाहीचा तो १५ फेब्रुवारीपर्यंत द्यायला हवा होता आणि न दिल्यास दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे.

पोस्टाचा_खातेदार

एआयएसमध्ये (प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात) अभिप्राय नोंदवण्याची सोय आहे. तेथे ‘माहिती बरोबर नाही’ असे लिहिले की झाले.

सीए_नव्हे

जी नोंद एआयएसमध्ये आहे तिच्यावरच अभिप्राय देता येतो. नसलेली नोंद त्याने उगवत नाही. ती कंपनीच्या दुरुस्ती विवरणातूनच येईल.

आराखडा_नाशिक (२६ ऑगस्ट)

लेखापालांना मागणीबद्दल विचारले आणि आवाज एकदम मवाळ झाला. डिसेंबरमध्ये तेथे नवीन गृहस्थ रुजू झाले होते, त्यांनी माझ्या पॅनमधील ४७ चे ७४ केले. कंपनीला त्याबद्दल सूचना आलेली होती आणि ती कोणाच्या तरी मेलमध्ये पडून होती. दुरुस्ती विवरण भरतो म्हणाले, पण १५ तारखेपर्यंत नोंद दिसली नाही तर मी काय करू?

कलमबहाद्दर

पूर्ण रक्कम दाखवून भरा. मी आधीपासून हेच सांगत आहे.

आकडेमोड

पूर्ण ३६,००० नव्हे, २७,०००. जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या तीन बिलांचे २,७०,००० जमेत दाखवलेलेच असणार, त्यामुळे त्यांवरील कर मागणे रास्त आहे. मार्चचे ९,००० पुढील वर्षाचे. डिसेंबरची ओळ आपोआप भरून येणार नाही, ती कंपनीचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) घालून स्वतः भरावी लागेल. नोंद येण्यापूर्वी विवरणपत्राची प्रक्रिया झाली तर १८,००० चा परतावा येईल आणि ९,००० ची विसंगती दाखवणारी सूचना येईल. नंतर २६एएसमध्ये नोंद आली की दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. याउलट आता केवळ १८,०००च मागितले, तर उरलेल्यासाठी ३१ डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरावे लागेल. आणि भरल्यानंतर तीस दिवसांत ई-पडताळणी करायला विसरू नका. माझ्या मेहुण्याचे तेवढ्यासाठीच अडले होते.

आराखडा_नाशिक (९ सप्टेंबर)

डिसेंबरच्या ९,००० ची नोंद आज सकाळी २६एएसमध्ये आली, त्यापुढेही ‘एफ’ आहे. सीए कालपासून उपलब्ध आहेत, पण विवरणपत्र मी आताच २७,००० दाखवून स्वतः भरले आणि आधार ओटीपीने पडताळणीही केली. आकडेमोड आणि सीए_नव्हे, आपले मनापासून आभार. १६ए अजून आलेला नाही. आज पुन्हा फोन करणार आहे.

पंचगंगेचा_दुकानदार

अभिनंदन ताई. माझा पुरवठादार म्हणतो की त्याने बिल दाखवले आहे, तुमच्या बाजूने तपासा.

सीए_नव्हे

त्याने आपला जीएसटी क्रमांक काय टाकला आहे, तेवढे विचारा.