परदेशातली नोकरी आणि छातीतली धडधड: तुमचे अनुभव सांगा

शेवंती
काल मेतकूट करायला घेतलं. सासूबाईंनी कधीतरी फोनवर प्रमाण सांगितलं होतं आणि मी ते हाताला लागेल त्या कालनिर्णयाच्या पानावर खरडलं होतं, एवढं आठवत होतं. ड्रॉवर उपसला. पान सापडलं, मार्च २०२३. कडेला 'ह. डाळ १ वाटी, उडीद पाव' आणि चौकटींत लाल पेनाच्या फुल्या. २१ तारखेला गोल. तशीच बघत बसले, गॅसवरची डाळ करपली.

नवऱ्याला २० जानेवारीला नारळ मिळाला. पंधरा मिनिटांची मीटिंग, दुपारी लॅपटॉप बंद. इथे अमेरिकेत एच१ वाल्याला, म्हणजे कंपनीच्या नोकरीवरच्या व्हिसावाल्याला, नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून साठ दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने कागद भरले तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळा. साठावा दिवस २१ मार्च, २२ ला गुढीपाडवा. मी एच४ वर, म्हणजे त्याच्या व्हिसावर आलेली बायको, कामाची परवानगी नाही. त्याचं गेलं की माझंही गेलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलला हा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा, खाली पायजमा. इथलं भाडं, गाडीचा हप्ता, वर पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता. (तो का घेतला होता? सगळे घेत होते म्हणून.) दुकानात दुधाचा कॅन उचलला की मनात वजाबाकी सुरू.

५३ व्या दिवशी एका कंपनीने कागद भरले. सुटलो. आणि माझी धडधड सुरू झाली त्यानंतर! मे महिन्यात, सगळं सुरळीत झाल्यावर, भाजी चिरताना हात बधिर, श्वास पुरेना. इमर्जन्सीत नेलं, ईसीजी नॉर्मल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसला ताण आहे का? म्हटलं, छे, आता कसला.

अजून त्याच्या फोनवर अवेळी टिंग वाजलं की आधी मी उठते. तुमचं असं काही? कुठलाही देश चालेल. सल्ले नकोत, योगासनं माहीत आहेत.

पोपटी_मिरची
करपलेल्या डाळीचं काय केलं? आणि प्रमाण पूर्ण टाका ना. (बाकी लेख वाचून पोटात गोळा आला हे सांगायचं राहिलं.)

जुना_पिंपळ
साठ दिवस म्हणजे चैन! हा नियम जानेवारी २०१७ पासूनचा. २००९ साली माझी नोकरी गेली तेव्हा कागदावर एक दिवसही नव्हता. दीड महिना मित्राच्या बेसमेंटमध्ये काढला. वहिनी रोज मोजून सहा पोळ्या डब्यात ठेवायच्या, किती दिवस राहणार हे एकदाही विचारलं नाही. मला त्या सहा पोळ्यांचंच टेन्शन यायचं. चार खाऊन दोन परत ठेवायचो.

कोळथरे_बंदर
मी नुसता वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो. तुम्ही लोक शिकलेले, आमचं वेगळं. दहावी नापास, पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे बाहेर कामाला जायला सरकारची परवानगी लागते तो शिक्का. एजंटला सव्वा लाख दिले, त्यातले ऐंशी हजार बायकोचे दागिने ठेवून. सौदीत दम्माम. एसीचं काम. व्हिसा 'फ्री', म्हणजे कफील (ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक) कागदावर एक, काम दुसरीकडे, आणि कफिलाला दर महिन्याला पैसे. पासपोर्ट त्याच्याकडे. काही बोललं की म्हणायचा हुरूब लावीन. हुरूब म्हणजे माणूस पळाला अशी नोंद. लागली की संपलं.

२०१३ ला नितकात, म्हणजे तिथल्या लोकांना नोकऱ्या द्यायचा सौदीचा कायदा, कडक झालं. स्वतःच्या कफिलाकडे काम नसेल तर कागद सुधारा नाहीतर जा. मुदत आधी ३ जुलै, मग ३ नोव्हेंबर. त्या वर्षी ३ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, शेवंतीताईंच्या पाडव्यावरून आठवलं. धरपकडीच्या भीतीने खोलीत आम्ही आठ जण बूट घालून झोपायचो. एक जण गच्चीत पाण्याच्या टाकीमागे झोपायचा. माझ्या छातीत दुखायचं, दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, म्हणाले काही नाही, गॅस. खोलीतल्या सगळ्यांनाच गॅस होता. मोठी बाटली आणून ठेवली होती.

ऑक्टोबरात एक्झिट, म्हणजे देश सोडायची परवानगी, घेऊन आलो. कर्ज निम्मं बाकी. गावात लोक विचारायचे, काय आणलंस? दोन ब्लँकेटं आणली होती. आता रिक्षा आहे. बायको सांगते, झोपेत मी पाय चाचपतो, बूट आहेत का बघायला.

जुना_पिंपळ
दादा, लिहीत जा. माझे शब्द मागे घेतो, बेसमेंट म्हणजे पण चैनच होती.

रातआणी
कोळथरे म्हणजे दापोलीचं ना? माझं आजोळ बुरोंडी!! देवळासमोरून जाते तीच वाट का?

कोळथरे_बंदर
हो हो. बुरोंडीत कोणाकडे? मासळीला येणं असतं आमचं.

सांजवात
गाडीत बसून लिहितेय. मी नागपूरची, इंग्लंडात केअरर. म्हाताऱ्यांच्या घरोघरी जाऊन आंघोळ, औषधं, डायपर. पैसे भेटीच्या मिनिटांचे, दोन घरांमधल्या ड्रायव्हिंगचे नाहीत. नवरा आणि पोरगा जूनमध्ये यायचे होते, ११ मार्च २०२४ पासून नव्याने अर्ज करणाऱ्या केअररच्या कुटुंबाला व्हिसा बंद. मॅनेजर बाई गोड आवाजात स्पॉन्सरशिपची (माझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे त्याची) आठवण करून देते, आजारी पडले की हमखास. काल एक आजी मला म्हणाल्या, मुली, तुझे हात किती थरथरतात, तूच बस, मी चहा करते. त्यांना चहा

पुढची भेट आली, नंतर लिहिते

घारी_पोर
शेवंती, नंतर धडधड सुरू होते हे अगदी अगदी. माझंही तसंच, आणि काउन्सेलरकडे गेले तर सात प्रश्नांचा कागद. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा 'ऑन एज' वाटलं? आता जीव वर-खाली होणं, काळजात चर्र होणं आणि पोटात खड्डा पडणं यातलं कुठलं ते, कुणी सांगेल का? मी सगळीकडे 'काही दिवस' वर टिक केलं. 'जवळजवळ रोज' लिहायची लाज वाटली. तीन भेटी झाल्या आणि नवऱ्याची नोकरी गेली, म्हणजे विमा गेला. स्वतः भरून चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तोही हप्ता आपणच भरायचा. आकडा बघून काउन्सेलिंगची गरजच संपली माझी :)

मुळशीचा_पाऊस
२०२५ चं कुणीच लिहिलं नाही? मी पुण्यात आलो होतो, सर्वपित्रीला बाबांचं श्राद्ध, पहिलंच. शनिवारी सकाळी उठतो तर फोनवर शंभर मेसेज. अमेरिकेत शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, आदेश निघाला, एच१ ला एक लाख डॉलर फी. लागू कधी? शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागल्यावर एक मिनिटाने. आपल्याकडचे रविवार सकाळचे साडेनऊ. कंपनीच्या वकिलाची मेल: आत या. तिकीट कितीचं काढलं ते बायकोला अजून खरं सांगितलेलं नाही. फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा कळलं, फक्त नव्या अर्जांना आहे, माझ्यासारख्याला नाही. तिथेच खुर्चीवर बसलो. इकडे आईने शेजारच्या काकांना सांगून श्राद्ध उरकलं. फोनवर म्हणाली, कावळा लगेच शिवला, तू काळजी करू नकोस. खरं बोलत होती का, माहीत नाही.

पोपटी_मिरची
अरे बापरे. आई ती आई.

रातआणी
मम. आणि एजंट लोकांवर कुणीतरी वेगळा धागा काढा, आमच्या बुरोंडीतच तीन आहेत, लिहायला लागले तर रात्र पुरणार नाही. आत्ता कुकर लावलाय.

घारी_पोर
सासूबाईंना कळलं का गं शेवटी?

शेवंती
सगळ्यांचं वाचतेय, रडतेय, लेकीचा डबा भरतेय. सांजवात, चहाचं पुढे लिही गं.

घारी, त्यांना पहिल्याच आठवड्यात संशय आला होता. हा कॉलवर त्यांचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकत होता म्हणे, म्हणजे काहीतरी बिनसलंय. विचारलं मात्र नाही. उलट एके दिवशी आपणहून मेतकुटाचं प्रमाण सांगत बसल्या, मऊ भाताबरोबर खा, घशाखाली उतरतं. मी वैतागून लिहून घेतलं होतं.

मिरची, घे: हरभरा डाळ १ वाटी, उडीद डाळ पाव, तांदूळ पाव, गहू दोन चमचे, धणे-जिरे एकेक चमचा, मेथी अर्धा चमचा, मोहरी तेवढीच, सुंठ, हळद, हिंग. सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर, आणि तिथून हलायचं नाही.

पोपटी_मिरची
मेथी अर्धा चमचा?? आमच्याकडे पाव. कडू नाही होत?