खाऱ्या, दमट हवेत डेकचा कठडा बदलायचा आहे : कोणते साहित्य घ्यावे आणि बांधणी कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. आमचे घर समुद्रापासून साधारण ३०० मीटरवर आहे. वर्षातील बरेच महिने हवा इतकी दमट असते की सकाळी कठड्यावरून हात फिरवला तर तळहात ओला होतो, आणि ती ओल वाळली की बोटांना मिठाची बारीक कणी जाणवते. पहिल्या मजल्याला लागून असलेला आमचा डेक अर्धा काँक्रीटच्या स्लॅबवर आणि अर्धा लाकडी तुळयांवर आहे. त्याचा साध्या लोखंडाचा, तेलरंग दिलेला कठडा १४ वर्षांचा झाला असून तो बदलण्यावाचून आता गत्यंतर नाही. गेल्या आठवड्यात कोपऱ्यातल्या खांबाच्या पायथ्याशी रंग फुगलेला दिसला, म्हणून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिले, तर तो सहज आत गेला आणि आतून तांबूस, गढूळ पाणी बाहेर आले. वरून मात्र तो खांब अगदी धडधाकट दिसत होता.

पाच वर्षांपूर्वी या कठड्याचा एक भाग आम्ही स्टेनलेस स्टीलचा करून घेतला होता. वर्षभरातच त्याच्यावर तपकिरी डाग आले. काम करणाऱ्याने चुंबक लावून दाखवले आणि ‘चुंबक चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल आहे’ असे सांगितले. मला कोड्यात टाकणारी गोष्ट ही की छपराच्या वळचणीखालचा भाग, ज्याच्यावर पाऊस पडतच नाही, तोच अधिक डागाळला आहे. उघड्यावरचा त्या मानाने बराच स्वच्छ आहे.

आता ज्यांच्याकडून अंदाज घेतला, ते जुने खांब पायथ्याशी कापून उरलेल्या खुंटांवरच नवे खांब वेल्ड करण्याचे सुचवत आहेत. तसे केल्यास फरशी फोडावी लागणार नाही, हे खरे. घरात लहान मुले आहेत आणि वयस्कर माणसे या कठड्याचा आधार घेऊन बसता-उठतात, त्यामुळे निर्णय घाईने घ्यायचा नाही. स्टेनलेस, अ‍ॅल्युमिनियम, लाकूड, काच यांपैकी काय निवडावे, आणि खुंटांवर वेल्डिंग करणे योग्य आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (धातुकामाचा अनुभव असलेले सदस्य)

तुमच्या कोड्यापासून सुरुवात करतो, कारण त्यातच बाकीच्या प्रश्नांचे बरेचसे उत्तर आहे. किनाऱ्यावर धातूला पावसाच्या पाण्यापेक्षा साचून राहणारे मीठ जास्त खाते. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३५ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढू लागते. याचा अर्थ असा की ज्या दांड्यावर खारे वारे मीठ आणून टाकतात, तो डोळ्यांना कोरडा दिसत असतानाही त्याच्यावर खारट पाण्याचा पातळ थर असतो. उघड्यावरच्या भागावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीखालचे मीठ मात्र वर्षानुवर्षे तिथेच साठत राहते. म्हणून पावसापासून ‘सुरक्षित’ असलेला भाग आधी खराब होतो.

चुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका. ३०४, ३१६ आणि निकेल कमी करून मँगनीज वाढवलेला स्वस्त २०२ हे स्टेनलेसचे तिन्ही प्रकार जवळजवळ अचुंबकीय असतात. उलट अस्सल ३१६ चा पाइपही वाकवल्यावर किंवा ओढून तयार केल्यावर किंचित चुंबक धरू शकतो. ३१६ चे वेगळेपण त्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम या धातूमध्ये आहे. क्लोराइडमुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना रोखण्याचे काम मुख्यतः तेच करते. ते आहे की नाही, हे थेंब टाकून रंग पाहण्याच्या चाचणी-संचाने ठरवता येते. नवा माल घेताना मात्र कारखान्याचे चाचणी-प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक) पाइपवरच्या छापाशी स्वतः जुळवून पाहा. वेल्डिंग असेल तर कमी कार्बनचा ३१६एल घ्यावा.

मात्र ३१६ घेतला म्हणजे काम संपले असे नाही. ३१६ चाही कठडा पहिल्याच वर्षी डागाळलेला मी पाहिला आहे, आणि त्याचे कारण प्रत्येक वेळी कारागिरीत सापडले. वेल्डच्या भोवती जो निळसर-तपकिरी पट्टा उमटतो, तिथला संरक्षक थर बिघडलेला असतो; तो पिकलिंग पेस्टने (स्टेनलेस साफ करण्याच्या आम्लयुक्त लेपाने) काढून भरपूर पाण्याने धुवावा लागतो. नुसता बफ मारून तो चकचकीत केला तर काही महिन्यांनी डाग बरोबर त्याच जागी उगवतात. साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवला, तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजतात. पृष्ठभागही जितका गुळगुळीत तितका चांगला, कारण खरखरीत ‘ब्रश’ फिनिशच्या रेघांमध्ये मीठ अडकून बसते. पृष्ठभागाचा खरखरीतपणा ०.५ मायक्रॉनपेक्षा कमी असावा, असे कंत्राटात स्पष्ट लिहून घ्या. आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगतो : फरशी धुण्याचे अ‍ॅसिड कठड्याजवळ वापरू देऊ नका. ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते, आणि नव्या घरांच्या शेवटच्या साफसफाईत त्याच्या नुसत्या वाफेने कठडे खराब झालेले मी पाहिले आहेत.

साधे पोलादच हवे असेल तर ते हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले असावे, तेही सर्व कापकाम, छिद्रे आणि वेल्डिंग पूर्ण झाल्यानंतर. ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादावर जस्ताचा थर सरासरी ७० मायक्रॉन अपेक्षित असतो. समुद्रालगतच्या तीव्र हवेत जस्त वर्षाला साधारण ४ ते ८ मायक्रॉन झिजते, त्यावरून आयुष्याचा हिशेब तुम्हीच करा. त्यावर योग्य प्रायमर आणि रंग दिला तर हे आयुष्य पुष्कळ वाढते. बाजारात मिळणारे चकचकीत जस्त-मुलाम्याचे बोल्ट मात्र घेऊ नका. त्यांच्यावरचा थर जेमतेम ५ ते १२ मायक्रॉनचा असतो.

उत्तर २ (बांधकाम क्षेत्रातील सदस्य)

धातूविषयी वरच्या सदस्यांनी सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी केवळ पायथ्याबद्दल लिहितो. खुंटांवर वेल्डिंग करण्याचा सल्ला कृपया मानू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि काँक्रीटच्या आत अडकलेला खुंट गंजत गेला की तो पाचरीसारखा आतून दाब देतो. स्लॅबच्या कडेला खांबापासून निघालेली केसाएवढी चीर आणि तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ तुमच्याकडे आजच दिसत असेल. खुंट तसाच राहिला तर वरचा कठडा कितीही उत्तम असला तरी दहा वर्षांच्या आत कडेचे ढलपे पडू लागतील, आणि मग प्रश्न कठड्यापुरता न राहता स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत जाईल. शिवाय स्टेनलेसचा खांब गंजक्या लोखंडी खुंटावर जोडणे म्हणजे दोन वेगळे धातू खारट ओलीत एकत्र आणणे. त्यात खालचा खुंट आणखी वेगाने जातो.

कोअर कटरने (काँक्रीट गोल कापणाऱ्या यंत्राने) खुंटासकट भाग काढा, खड्डा सैल काँक्रीट निघेपर्यंत साफ करा, आकुंचन न पावणाऱ्या सिमेंटच्या ग्राउटने (पातळ भरणीने) भरा आणि नवे खांब दुसऱ्या जागी, बेसप्लेटवर (बोल्टने बसवायच्या तळपट्टीवर) उभे करा. इथे एक सावधगिरी हवी. झटपट घट्ट होणारी काही अँकरिंग मिश्रणे (खांब किंवा बोल्ट काँक्रीटमध्ये रोवण्याची) जिप्समवर आधारित असतात. ती घराबाहेर ओल धरली की मऊ पडतात, फुगतात आणि भोवतालचे काँक्रीट फोडतात, म्हणून पिशवीवर बाहेरच्या वापरासाठी असल्याचे लिहिले आहे का, ते वाचूनच माल आत घ्या.

बोल्टवर किती जोर येतो याची कल्पना बहुतेकांना नसते. अनेक बांधकाम नियमांत वरच्या दांड्यावर एकाच ठिकाणी सुमारे ९० किलोचा आडवा भार धरावा लागतो. कठडा १ मीटर उंच असेल आणि बेसप्लेटवर बोल्टचा ताण ज्या अंतराने तोलला जातो ते अंतर १० सेंटिमीटर असेल, तर तरफेच्या न्यायाने मागच्या बोल्टांवर मिळून जवळजवळ ९०० किलोचा उपसणारा ताण येतो. कडेपासून पाच-सहा सेंटिमीटरवर फुगणारे अँकर ठोकले तर ते घट्ट करतानाच कड फुटू शकते. अशा ठिकाणी ३१६ चे स्टड (आट्यांचे दांडे) रासायनिक अँकरने, म्हणजे छिद्रात भरलेल्या रासायनिक गोंदाने बसवावेत आणि कडेपासूनचे अंतर अँकरच्या तक्त्यात दिले असेल त्याप्रमाणे ठेवावे. आपले वजन टाकून कठडा हलवून पाहणे ही तपासणी नव्हे. रचना अभियंत्याकडून एकदा पायथ्याचा हिशेब करून घ्या.

शक्य असेल तर खांब स्लॅबच्या वर न बसवता बाहेरच्या उभ्या बाजूला बसवा. तसे केल्याने वॉटरप्रूफिंगला भोक पडत नाही आणि पायथ्याशी पाणी साचत नाही. पोकळ खांबाला तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ८ ते १० मिलिमीटरचे छिद्र ठेवायलाच हवे. तुमच्या कोपऱ्यातून जे गढूळ पाणी निघाले, ते वरून टोपीच्या फटीतून आत गेलेले आणि बाहेर पडायला वाट न मिळालेले पाणी होते.

उत्तर ३ (लाकूडकाम करणारे सदस्य)

तुमच्या डेकचा लाकडी अर्धा भाग अजून चर्चेत आला नाही, आणि मला काळजी त्याचीच जास्त वाटते. कठडा बदलताना कडेची तुळई उघडी करून पाहिल्याशिवाय एकही नवा खांब लावू नका. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला वाव मिळतो आणि कुजण्याचा धोका सुरू होतो. साध्या ओलावा-मापकाने ते कळते. मापक नसेल तर टोच्याने तिरके टोचून लाकडाची चिपळी उचला : निरोगी लाकडाची चिपळी लांब, रेशेदार निघते, कुजू लागलेल्याची काडेपेटीच्या काडीसारखी कटकन मोडते. जुन्या बोल्टांच्या भोकांभोवती आणि तुळई घराच्या भिंतीला जिथे टेकते तिथे हे आवर्जून करा.

लाकडी बाजूला खांब आरपार बोल्टने, आतून आडवे ठोकळे देऊन आणि ताण पुढच्या तुळयांपर्यंत नेणाऱ्या लोखंडी जोडांनी बांधावेत. नुसते खिळे किंवा मोठे स्क्रू वर्ष-दोन वर्षे ठीक वाटतात, पण दमट हवेत लाकूड फुगते-आकसते आणि त्यांची पकड हळूहळू जाते. खांबाला तळाशी अर्धवट कापून खाच पाडण्याची पद्धत टाळा. तो नेमका त्या खाचेतच चिरतो.

तांब्याची क्षारयुक्त प्रक्रिया केलेले लाकूड वापरणार असाल, तर त्यातील तांबे अ‍ॅल्युमिनियमला आणि जस्ताला खाते हे लक्षात ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा खांब अशा लाकडावर थेट टेकवू नये. मध्ये टिकाऊ प्लास्टिकची किंवा रबराची पट्टी द्यावी आणि बोल्ट ३१६ चे घ्यावेत. अ‍ॅल्युमिनियम तसे किनाऱ्यासाठी वाईट नाही. पावडर कोटिंगच्या आधीची रासायनिक प्रक्रिया नीट झालेली असेल, थर निदान ६० मायक्रॉन असेल आणि जागेवर कापलेली प्रत्येक कड बंद केलेली असेल, तर ते उत्तम टिकते. उघड्या कडेतून मीठ शिरले की मात्र कोटिंगच्या खाली धाग्यासारखी गंजाची नक्षी पसरत जाते आणि मग ती थांबवता येत नाही. स्टेनलेसच्या स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घालायला विसरू नका.

काचेबद्दल थोडक्यात : एकेरी टेम्पर्ड (उष्णतेने कडक केलेली) नको, लॅमिनेटेडच (मध्ये चिकट थर देऊन जोडलेली) घ्या. उघड्या कडांतून ओल आत जाऊन थर सुटतात, म्हणून तळाच्या चॅनेलमध्ये पाणी निघण्याची वाट ठेवा. शिवाय मीठ बसून ती चार दिवसांत धुरकट होते, तेव्हा धुण्याची तयारी असेल तरच तिचा विचार करा.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे काल तपासणी केली. स्टेनलेसच्या भागावर थेंबाच्या चाचणीत मॉलिब्डेनम आढळले नाही. स्लॅबच्या कडेला सातपैकी चार खांबांपाशी चिरा आहेत. त्यातल्या एकीत नखाने ओढले तर काँक्रीटची कपची हातात आली. लाकडी बाजूची तुळई दोन ठिकाणी चिपळी मोडण्याइतकी कुजलेली निघाली. बाकी ठिकाणी मापकाने १५ ते १७ टक्के दाखवले.

म्हणून खुंट पूर्ण काढायचे, स्लॅबच्या भागाला बाहेरच्या बाजूने ३१६एल चे खांब बसवायचे आणि लाकडी भागाची तुळई आधी बदलायची, असे ठरवले आहे. उभे गज १० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतराने ठेवणार आहोत. आडव्या तारांचा कठडा दिसायला मोकळा वाटतो, पण मुले त्यावर शिडीसारखी चढतील, म्हणून तो विचार सोडला. एक शंका राहिली आहे : काम टप्प्याटप्प्याने केले तर मधल्या काळात काय करावे, आणि नंतर धुणे किती वेळा लागेल?

उत्तर १ कडून

जुना कठडा एकाच दिवशी सगळा उतरवू नका. ज्या भागात काम चालू आहे तेवढाच काढा, आणि डेकवर जाणाऱ्या दाराला आतून, मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी लावा. उघड्या कडेला नुसती दोरी किंवा रंगीत फीत पुरत नाही. लाकडी फळ्यांचा तात्पुरता अडसर स्लॅबला बोल्टने धरून उभा करावा.

धुण्याचे म्हणाल, तर उघड्या भागासाठी दर दोन-तीन महिन्यांनी गोडे पाणी, पातळ केलेला साधा साबण आणि मऊ फडके पुरेल. वळचणीखालचा भाग मात्र कोरड्या महिन्यांत दर दोन आठवड्यांनी धुवावा, आणि दांड्याची खालची बाजू, गजांचे वेल्ड व बेसप्लेटच्या फटी यांवर पाण्याची धार जरा जास्त वेळ धरावी. तारेची घासणी आणि क्लोरीनचे ब्लीच वापरू नये. कारागीर निघून जाण्यापूर्वी सर्व वेल्डच्या जागांचे जवळून फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी एखादा डाग दिसला तर तो साफ न झालेल्या वेल्डचा आहे की साठलेल्या मिठाचा, हे त्या फोटोंवरून ठरवता येईल.