अकरा महिन्यांचा होत आला, रांगत नाही. थांबू का दाखवू?

बेदाण्याच्या_गावची (तासगाव)

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. मुलगा आत्ताच झोळीत झोपलाय, तो उठायच्या आत लिहून टाकायचंय. लांबलं तर सांभाळून घ्या.

येत्या १४ तारखेला त्याला अकरा महिने पूर्ण होतील. अजून रांगत नाही. पालथा घातला की घर डोक्यावर घेतो. बसतो मात्र छान, आठव्या महिन्यात बसता झाला. आणि बसल्या बसल्या ढुंगणावर खुरडत पुढं सरकतो, एक पाय दुमडून, उजवा हात टेकत. परवा तसाच सोप्यातनं उंबऱ्यापर्यंत गेला, उंबऱ्याला अडला आणि बोंब ठोकली.

जावेची मुलगी त्याच्यापेक्षा वीस दिवसांनी लहान. ती रांगत उंबरा ओलांडून पार अंगणात कोंबड्यांच्या मागं जाते. संक्रांतीला दोघांचं बोरन्हाण एकत्रच केलं. चुरमुरे, बोरं, हलवा डोक्यावरून ओतल्याबरोबर ती पोरगी दोन्ही हातांनी ओंजळ भरायला लागली. आमचा नुसता बसून बघत होता, मग सावकाश उजव्या हातानं एकेक बोर उचलायला लागला. बायका म्हणाल्या, "राजा हाय राजा, ह्यो काय काम करायचा न्हाई." मी पण हसले. रात्री मात्र झोप लागली नाही.

आधीची माहिती द्यायला हवी म्हणून सांगते. तारीख २ मे होती, बाळ झालं १४ मार्चला. वजन १ किलो ७५० ग्रॅम. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होता. आता ८ किलो २०० आहे. गोवर-रुबेलाच्या लशीला गेलो तेव्हा मी विचारलं होतं. डॉक्टरांनी वजन बघितलं, "छान आहे, येईल हळूहळू" म्हणाले आणि पुढचा नंबर बोलावला. बाहेर पंधरा-वीस जण बसलेले, त्यांना तरी किती बोलणार.

बाकी सगळं चांगलं आहे. हाक मारली की वळतो, बाबाबा दादादा चालू असतं, टाटा करतो. बेदाण्याच्या शेडवर नेलं की अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एकेक बेदाणा बरोबर उचलतो. मामा (सासरे) तर त्याच्यावर भलतेच खूश. म्हणतात, "देणं-घेणं सगळं उजव्या हातानं, डावा हात पुढं करतच न्हाई. संस्कार पोटातनंच घेऊन आलाय."

सासूबाईंचं (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) मत, मालीश वाढवा. शेजारच्या काकू पांगुळगाडा देतो म्हणाल्या. मिस्टरांनी मोबाईलवर बसायचा वॉकर बघून ठेवलाय, नुसतं बटण दाबायचं बाकी आहे. द्राक्षाची तोड चालू आहे, त्यामुळं सांगलीला जायचं म्हटलं की घरात "आत्ताच का" होतं. मी थांबू का?

---

कराडची_आई

अगं, अजिबात घाबरू नकोस. माझा थोरला शेवटपर्यंत रांगला नाही. असाच ढुंगणावर खुरडायचा, चड्ड्यांची पार चाळण झाली होती. सोळाव्या महिन्यात एके दिवशी उठून चालायला लागला. सासूबाई म्हणाल्या, ह्याचा बापही असाच. आता पाचवीत आहे, फुटबॉल खेळतो. जावेच्या मुलीशी तुलना आधी बंद कर. एका घरात दोन बाळं म्हणजे रोजचीच परीक्षा.

---

निवृत्त_गुरुजी (विटा)

आमच्या वेळी कुठल्या महिन्यात काय यावं असले तक्ते नव्हते. पाच मुलं मोठी झाली. मोबाईल बाजूला ठेवा, पोराला मातीत सोडा. पांगुळगाडा द्या, महिन्यात पळेल.

---

अंगणवाडीची_ताई (कवठे महांकाळ)

गुरुजी, मातीत सोडा हे बरोबर, पण गाड्याचं जरा थांबा.

ताई, तुमचा हिशोबच चुकतोय. २ मे ची तारीख आणि १४ मार्चला बाळ, म्हणजे बरोबर सात आठवडे आधी. कमी दिवसांच्या बाळाचं वय आपण जन्मतारखेपासून धरत नाही, दिलेल्या तारखेपासून धरतो, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. तुमचा मुलगा १४ तारखेला अकरा नाही, सव्वानऊ-साडेनऊ महिन्यांचा. जावेची मुलगी पूर्ण दिवसांची असेल तर ती त्याच्यापेक्षा वीस दिवसांनी लहान नाही, उलट जवळजवळ महिन्यानं मोठी आहे! लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच घ्यायची. इथंच सगळ्यांचा घोळ होतो.

तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डात बाळानं काय कधी करावं त्याची चित्रं आहेत. बहुतेक बाया तेवढं लशीचं पान उघडतात आणि कार्ड परत पिशवीत. चित्रांचं पान बघा, पण वय दुरुस्त करून.

बसायचा वॉकर घेऊ नका. त्यात बाळ पायाच्या चवड्यांवर ढकलत जातं, चालणं लवकर येत नाही, आणि उंबरा, पायरी, चूल, सगळीकडं धडकतं. कॅनडानं तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातलीय. लाकडी पांगुळगाडा वेगळा, पण तोही बाळ स्वतः धरून उभं राहायला लागल्यावर.

आणि रागावू नका, पण बेदाणा, शेंगदाणा, चुरमुरे, हलवा ह्या वयाच्या बाळाच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकतं. बोरन्हाण करा, पण खाली पडलेलं लगेच गोळा करा.

---

फिजिओ_मिरज

मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. वयाचा हिशोब अंगणवाडीच्या ताईंनी केला तोच बरोबर. रांगण्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली आकडे दिले, त्यात दिल्लीची मुलंही होती. हातागुडघ्यांवर रांगणं सव्वापाच महिन्यांपासून साडेतेरापर्यंत कधीही, आणि शंभरातली चारेक मुलं तशी रांगलीच नाहीत. एकट्यानं चालणं आठपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२२ मध्ये बाळानं काय कधी करावं ह्या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. त्यामुळं नुसतं "रांगत नाही" एवढंच असतं तर मीही कराडच्या ताईंसारखंच म्हणाले असते.

पण तुमच्या लिहिण्यात दुसरीच गोष्ट चार वेळा आलीय आणि तुम्ही ती कौतुकानं लिहिलीय. उजवा हात टेकत खुरडतो. बोरं उजव्या हातानं. बेदाणा चिमटीत, तोही उजव्याच असणार. डावा हात पुढं करतच नाही.

एवढ्या लहान वयात बाळ उजवं किंवा डावखुरं नसतं. कुठला हात चालवायचा हे ठरायला दीड-दोन वर्षं तरी जातात, त्याआधी दोन्ही हात सारखेच वळवळायला पाहिजेत. वर्षाच्या आत एकच हात वापरणं म्हणजे दुसऱ्या हाताचं काहीतरी अडतंय असं धरून तपासायचं असतं. कधी जन्माच्या वेळी खांद्याजवळच्या नसा ताणल्या जातात. कधी मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेली असते, कारण डावा हात ती बाजू चालवते. मेंदूचं हे कमी दिवसांच्या बाळांमध्ये जास्त दिसतं. तुमच्या बाळाला तसं आहे असं मी इथं बसून म्हणत नाही. आज एवढंच बघा:

डावी मूठ बंद असते का, अंगठा आत दुमडलेला? उजव्या हातात एक वाटी द्या आणि दुसरी डाव्या बाजूनं पुढं करा, डावा हात येतो का? झबलं घालताना एक बाही अवघड जाते का? उताणा झोपून लाथा मारतो तेव्हा दोन्ही पाय सारखे उडतात का?

---

बेदाण्याच्या_गावची

रात्रीचे साडेअकरा झालेत. ताई, तुमचं वाचून मी जेवलेच नाही.

स्टीलची वाटी उजव्या हातात दिली. दुसरी डावीकडनं पुढं केली. त्यानं हातातली खाली टाकली, आख्खा वळला आणि ती पण उजव्यानंच घेतली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. चौथ्यांदा वैतागला.

आता बाहीचं. मी रोज डावी बाही आधी घालते. का, ते मला आज कळलं. ती नंतर घातली तर हात कोपरात वळत नाही, म्हणून पहिल्यांदाच उरकून टाकायची सवय लागून गेलीय. अकरा महिने मी हेच करतेय आणि मला पत्ता नाही.

आत्यांना विचारलं, डावी मूठ उघडते का हो. त्या सहज म्हणाल्या, "आंघोळीला मीच सोडवते की बोटं. आत गोधडीचे धागे न् मळ साठलेला असतो, पुसून घेते रोज." मी मालीश बघते तेव्हा मला वाटायचं, किती मायेनं एकेक बोट करतात.

पाय मला कळले नाहीत. दोन्ही उडतात असं वाटतं. डावा जरा कमी? आता सगळ्याचाच संशय येतोय.

---

कराडची_आई

माझं "घाबरू नकोस" मागं घेते गं. माझ्या पोराचं ते माझ्या पोरापुरतं. उद्याच जा.

---

फिजिओ_मिरज

तुम्हाला दिसत होतं, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. उद्याच असं नाही, पण ह्याच आठवड्यात. तोड संपेपर्यंत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडं जाताना "रांगत नाही" असं सांगू नका, तेच उत्तर परत मिळेल. "डावा हात वापरत नाही, मूठ बंद असते" हे पहिलं वाक्य. वाटीचा प्रयोग मोबाईलवर काढून न्या, दवाखान्यात बाळं रडतात आणि काही करून दाखवत नाहीत. पेटीत होता तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड आणि डोक्याची सोनोग्राफी झाली असेल तर तो कागद सोबत घ्या.

---

अंगणवाडीची_ताई

खर्चाचं दडपण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तुमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत असते, पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला (अशा बाळांवर लवकर उपचार करणारं केंद्र) चिठ्ठी देतात. टीमची वाट बघत बसू नका, तुमच्या सेविकेला आजच सांगा, ती फोन लावेल. आणि आत्यांना काही बोलू नका हो. रोज मूठ उघडली, हे चांगलंच झालं.

---

बेदाण्याच्या_गावची

तीन आठवड्यांनी लिहितेय. मध्ये कुणीकुणी विचारलं, उत्तर द्यायला जमलं नाही.

दाखवलं. मिस्टर तोड सोडून आले, सांगलीला एसटीनंच गेलो. व्हिडिओचा फार उपयोग झाला, कारण साहेब तिथं नुसते डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपकडं बघत बसले. डॉक्टरांनी दोन्ही हात, दोन्ही पाय वाकवून बघितले. डाव्या हातात ताठरपणा आहे, पायात थोडा. जुन्या सोनोग्राफीच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ होती, ती आम्हाला तेव्हा कुणी समजावून सांगितली नव्हती. एमआरआय पुढच्या महिन्यात आहे. आजाराचं नाव त्यानंतर सांगतो म्हणाले, पण व्यायाम त्याच दिवशी सुरू केला.

घरी रोज अर्धा तास उजव्या हातावर मऊ हातमोजा घालायचा आणि डावीकडून खेळणी द्यायची. जागा असताना, कुणीतरी समोर बसलेलं असताना, रडला की काढायचा. आत्यांनी जुन्या टोपड्याचा शिवलाय, अगदी अंगठ्यासकट, मी म्हटलं अंगठा नको, तर तो उसवून परत शिवला. पहिले चार दिवस दोघंही रडलो. काल डाव्या हाताच्या मागच्या बाजूनं वाटी ढकलली. धरली नाही, ढकलली. वाटी कॉटखाली गेली.

मामा पहिल्या दिवशी काहीच बोलले नाहीत, शेडवर निघून गेले. आता संध्याकाळी आले की त्याच्या डावीकडंच बसतात आणि भाकरीचा मऊ तुकडा पुढं करून "डाव्यानं घे, डाव्यानं" म्हणत राहतात. वॉकर मागवला नाही.

रांगायचं कुणी नावच काढत नाही आता, मी पण विसरले होते.

एक अडचण आहे. हातमोजा तो दातानं ओढून काढतो. दोन मिनिटंही राहत नाही. बंद घट्ट बांधला तर मनगटावर वळ उठतो. कुणाला काही युक्ती माहीत आहे का?

---

फिजिओ_मिरज

बंद बांधूच नका. लांब बाहीचं झबलं घ्या आणि मोजा त्या बाहीलाच चार टाके घालून शिवून टाका, बोटं आत हलतील एवढा सैल. सेफ्टी पिन नको. आणि खेळणं दोन्ही हात लागतील असं मोठं द्या, आधी हलका चेंडू द्या. वाटी त्याला अजून लहान पडते.