मदत हवी आहे: बाबांचा ट्रोपोनिन ४.६ वरून २१५० वर गेला

कापूसकोंडा
बाबाले मंगळवारी रात्री अटॅक आला. यवतमाळले ट्रोपोनिन, म्हणजे हार्टच्या स्नायूले इजा झाली का ते पाहाची रक्ततपासणी, ४.६ होता. आज शनिवारी नागपूरले पुन्हा केला तर २१५०! म्हणजे पाचशे पट वाढला ना? डॉक्टर राउंडले येतात, दोन मिनिटं उभे राहतात आन् म्हणतात "ठीक आहे". ठीक कसं? एनटी-प्रोबीएनपी १६४०, तोही लाल अक्षरात. लॅबचा पोरगा म्हणते साडेपाच हजाराचं हार्ट पॅकेज करा, पुढं किती धोका आहे ते कळते. कोणत्या तपासणीनं खरंच कळते का, तेवढं सांगा. उद्या सकाळी पैसे भराचे आहेत. घरी तूर सोंगाची पडली, माणूस भेटून नाही राहिला.

परतवाड्याची मीना
वय? शुगर-बीपी? गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं की अँजिओप्लास्टी झाली? किडनीचा आकडा, क्रिएटिनिन किती? इकोमध्ये ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो किती आला? यातलं एकही लिहिलं नाहीत.

नळीतलं रक्त
आणि युनिट? ४.६ काय, २१५० काय? रुपये की पैसे? ट्रोपोनिन आय आहे की टी?

पांढरकवडा एक्सप्रेस
भाऊ, अर्जुनसालीचा काढा सुरू करा. सकाळी उपाशीपोटी, दुधात उकळून. माह्या सासऱ्याले ८ वर्षं झाली अटॅक येऊन, आजही वावरात जातात. या रिपोर्टच्या नादी लागू नका.

परतवाड्याची मीना
सासऱ्यांच्या गोळ्या बंद केल्या होत्या का?

पांढरकवडा एक्सप्रेस
नाही, त्या तर चालूच आहेत ना.

परतवाड्याची मीना
झालं तर मग. धागाकर्ते, नुकताच स्टेंट पडला असेल तर रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. कोणी काहीही सांगो.

कापूसकोंडा
वय ६१. इंजेक्शन यवतमाळले दिलं, बुधवारी नागपूरले स्टेंट टाकला. हे मी सांगितलं नाही काय? शुगर आहे १२ वर्षांपासून, पण ते तं आता घरोघरी आहे. क्रिएटिनिन १.७. इकोची फाईल भावाजवळ आहे आन् तो जेवाले गेला. दोन्हीकडं ट्रोपोनिन आयच लिहिलं आहे. युनिट म्हणजे आकड्याच्या बाजूचं बारीक अक्षर का?

नळीतलं रक्त
तेच बारीक अक्षर. फोटो टाकू नका, नाव दिसतं. फक्त वाचून सांगा.

कापूसकोंडा
यवतमाळचं नॅनोग्रॅम प्रति मिली. नागपूरचं नॅनोग्रॅम प्रति लिटर.

नळीतलं रक्त
हेच वाटलं होतं. एका लिटरमध्ये हजार मिली. यवतमाळचे ४.६ म्हणजे नागपूरच्या भाषेत ४६००. मग आजचे २१५० चढले की उतरले?

आता खुश होऊन भागाकार मांडू नका. दोन लॅबची मशीनं आणि किट वेगळी असली की आकडे एकास एक जुळत नाहीत. उताराकडे आहे, एवढंच म्हणता येईल. आणि चौथ्या दिवशी तसंच हवं. ट्रोपोनिन दुखणं सुरू झाल्यावर तीन-चार तासांनी वाढायला लागतो. हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडली की साचलेला एकदम रक्तात येतो, म्हणून आकडा लवकर आणि उंच चढतो. मग हळूहळू उतरतो, ट्रोपोनिन आय तर ७ ते १० दिवस रक्तात दिसत राहतो. त्यामुळे रोज काढून रोज घाबरण्यात अर्थ नाही.

वर्धेचा मेडिकलवाला
होमोसिस्टीन, रक्तातलं एक अमिनो आम्ल, ते तपासलं का? खरं कारण तिथं असतं. बी१२ आणि फॉलिक अॅसिडनं खाली येतं, स्वस्तात काम.

नळीतलं रक्त
आकडा खाली येतो, धोका येत नाही. नॉर्वेत अटॅक येऊन गेलेल्या ३७४९ जणांवर नेमका हाच प्रयोग झाला, निकाल २००६ मध्ये आला. होमोसिस्टीन उतरलं, पण पुढचे अटॅक काही कमी झाले नाहीत.

वर्धेचा मेडिकलवाला
नॉर्वेतले लोक बर्फात राहतात. इथं ४६ डिग्रीत वावरात काम करणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी आहे.

नळीतलं रक्त
व्हिटॅमिन उन्हात वेगळं चालतं का, हे तुम्हीच सांगा.

बुलढाणी मिरची
महात्मा फुले योजनेत बसवलं का? अँजिओप्लास्टी त्यात येते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा.

कापूसकोंडा
योजनेतच झालं ताई. मी ते विचारलंच नव्हतं. पॅकेजचं काय करू? त्यात होमोसिस्टीन, एचएस-सीआरपी, लिपोप्रोटीन ए, व्हिटॅमिन डी आन् अजून काय काय आहे.

परतवाड्याची मीना
मी आयसीयूत ११ वर्षं नर्स होते, म्हणून लिहिते. सीआरपी शरीरातला दाह दाखवतो, तो आत्ता वाढलेलाच येणार. हृदयाच्या स्नायूला जखम झालीय, शरीर तिच्याशी लढून राहिलं आहे. लिपोप्रोटीन ए, कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो. तो बहुतेक वारशाने येतो, म्हणून तुमच्या आणि भावाच्या कामाचा. पण उद्याच करायची घाई नाही.

पुढचा धोका मोजायला डॉक्टर ग्रेस स्कोअर वापरतात. त्यात आठ गोष्टी: वय, नाडी, वरचं बीपी, क्रिएटिनिन, फुफ्फुसात पाणी भरलं होतं का, येताना हृदय बंद पडलं होतं का, ईसीजीतला एसटी बदल, आणि ट्रोपोनिन वाढला की नाही. किती वाढला ते विचारतच नाहीत. आठातल्या दोनच रक्तातून येतात, आणि दोन्ही तुमच्या फाईलमध्ये आहेत.

मी लक्ष ठेवीन ते एनटी-प्रोबीएनपीवर. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तो सुटतो. अटॅकनंतर तो जास्त असणाऱ्यांना पुढे हार्ट फेल्युअरचा धोका जास्त असतो, हे लपवून उपयोग नाही. पण किडनी मंद असली तरीही तो वाढतो, आणि तुमच्याकडे १.७ आहे. एकट्या १६४० वरून कोणी बाबांचं भविष्य सांगत असेल तर ऐकू नका. डिस्चार्जनंतर त्याच लॅबमध्ये पुन्हा करा, उतरतोय का बघा. रात्री आडवं झाल्यावर धाप लागते का? पाय सुजतात का?

कापूसकोंडा
पायाले सूज नाही. काल दोन उशा मागितल्या होत्या, आज एकीवरच झोपले. भाऊ आला, ईएफ ३८ आहे.

परतवाड्याची मीना
उशांची गोष्ट उद्या राउंडला आठवणीने सांगा, ती रिपोर्टमध्ये येत नाही. ३८ कमीच आहे, पण स्टेंट बसून तीनच दिवस झालेत. काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न पडलेला असतो, तो काही आठवड्यांत जागा होऊ शकतो. सहा आठवड्यांनी परत इको करायचा का, हे डॉक्टरांना विचारा.

पांढरकवडा एक्सप्रेस
काढा तरी विचारून पाहा.

कापूसकोंडा
विचारतो दादा, पण गोळ्या बंद नाही करत. पॅकेजवाल्याले नाही म्हणून सांगितलं, तो आता म्हणते चार हजारात करून देतो.

दारव्ह्याचा गणपा
तुमचं गाव कोणतं? माझी तूर झाली, गुरुवारपासून तीन जोड्या मोकळ्या आहेत. गाडीभाडं तुमचं.

कापूसकोंडा
घाटंजीपासून ९ किलोमीटर. व्यनि (खासगी निरोप) करतो.