गुलाबी बोंडअळी बीटीला दाद का देत नाही?

वऱ्हाडपोर:
मी यवतमाळ जिल्ह्यातला, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे बीटी कपाशी असते, म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेली, अळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारी. घरी गेलो की मोठे बाबा विचारतात, "बीटी आलं तेव्हा बोंडं स्वच्छ निघायची. आता अळीनं ते विष पचवायला शिकून घेतलं काय?" आमच्या पुस्तकात विविधता आणि नैसर्गिक निवड यांवर दोन पानं आहेत, पण बोंडअळीचं नावही नाही. त्यांना पटेल असं कसं सांगू?

काळीमाती:
शिकलीबिकली काही नाही. बियाण्यात दम राहिला नाही, एवढंच.

पानफूल:
वऱ्हाडपोर, मी कीटकशास्त्र शिकवते, आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे. काळीमाती दादा, बोगस बियाणं बाजारात असतं हे खरं. पण अस्सल बियाण्यावरही अळी जगते, आणि त्याचं कारण अळीतच आहे.

बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. पण सगळ्या अळ्यांचं कॅडहेरिन सारखं नसतं. काहींच्या जनुकात जन्मतःच बिघाड असतो, तिथे विष चिकटतच नाही. भारतातल्या अळ्यांमध्ये या एकाच जनुकात कितीतरी वेगवेगळे बिघाड सापडले आहेत. मोठ्या बाबांना एवढं नक्की सांग की कुठलीही एक अळी आयुष्यात बदलली नाही. वेगळ्या अळ्या आधीपासून तुरळक होत्याच. बीटीनं बाकीच्या मारल्या आणि पुढची पिढी या उरलेल्यांची झाली.

हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. म्हणून तर कडेला बिगर बीटीच्या 5 ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र लावायचा नियम होता. त्या ओळींत साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग वाचलेल्यांशी जुळतात आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. बियाण्याच्या पिशवीसोबतची बिगर बीटीची ती छोटी पुडी किती जणांनी पेरली, हे गावात विचारून बघ.

हिरवी अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो असं बरंच काही खाते, त्यामुळे तिच्या साध्या अळ्या बीटीबाहेरही टिकतात. गुलाबीचं पोट मात्र जवळजवळ कपाशीवरच. सगळीकडे बीटी झाल्यावर साध्या अळीनं जगायचं कुठे? 2002 साली एका जनुकाचं बीटी आलं, 2006 ला दोन जनुकांचं. पहिल्याला न जुमानणारी गुलाबी अळी 2010 पर्यंत गुजरातेत सिद्ध झाली होती, पुढे दुसरंही निकामी झालं आणि 2017 ला या अळीनं आपल्याकडच्या कपाशीचं काय केलं ते तुम्ही भोगलंच आहे.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये हीच अळी, हेच बीटी. तिथे शेतकऱ्यांनी बिगर बीटी पट्टे खरोखर लावले, नंतर नपुंसक केलेले पतंग सोडले, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या कपाशीतून ही अळी संपल्याचं जाहीर झालं. इतकं शक्य होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

काळीमाती:
पुडी आम्हीपण बांधावर टाकून दिली, खोटं कशाला बोलू. पण ताई, पाणी असलं की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून आणखी पीक, घेतोच माणूस. त्यानं अळी वाढते म्हणतात, ते कसं?

पानफूल:
दादा, हंगाम लांबला की अळीला बोंडंच बोंडं मिळतात आणि त्याच पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, आणखी पिढ्या निघतात. प्रत्येक पिढीत साध्या मरतात, न मरणाऱ्या उरतात. म्हणजे निवड अजून वेगानं होते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून टाका, रान मोकळं ठेवा.

पुढच्या हंगामात फुलं लागली की डोमकळ्या शोधा. पाकळ्या गुलाबकळीसारख्या मिटलेल्या राहतात, आत अळी असते. अशा डोमकळ्या तोडून नष्ट करा. हिरवं बोंड बाहेरून निरोगी दिसतं, कारण बारीक अळी आत शिरली की तिचं छिद्र बुजून जातं, म्हणून अधूनमधून बोंडं फोडून सरकी बघा. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे. एका सापळ्यात रात्रीला 8 पतंग, असे सलग 3 रात्री आले, तर फवारणीची वेळ झाली.

वऱ्हाडपोर:
ताई, मोठ्या बाबांना वाचून दाखवलं. ते विचारतात, एकट्यानं फरदड मोडली आणि शेजाऱ्यानं ठेवली तर?

पानफूल:
पतंग उडत येणारच. निदान शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढायला हवी. ग्रामसभेत हा विषय त्यांनीच मांडावा, त्यांचं ऐकतील.